काडतूस म्हणजे कागद



आजचा विषय मला माझ्या नातीने दिला. ती यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसते आहे. मी दुकानात जाऊन तिच्यासाठी कार्ट्रिज पेपरचे दहा कागद आणले. तिने विचारलं, "आजोबा, कार्ट्रिज तर प्रिंटरमध्ये असतं ना? मग हा कागद प्रिंटरचा का?" मी म्हटलं, नाही गं, हा बंदुकीचा कागद. ती हसली. तिला वाटलं आजोबा नेहमीप्रमाणे फेकतायत.

पण हे खरं आहे. कार्ट्रिज पेपर म्हणजे काडतुसं वळायचा जाड, चिवट कागद. काडतुसं पितळेची झाली, कागदाचं काम संपलं, पण नाव कागदाला चिकटून राहिलं आणि शाळेच्या चित्रकलेच्या तासापर्यंत आलं. आणि या शब्दाची गोष्ट सांगायची तर मला बराकपूरला जावं लागतं. नव्वदच्या दशकात दोन वर्षं मी तिथे होतो.

आधी गावाची ओळख करून देतो. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवरून लोकल पकडली की आधी दमदम लागतं, पुढे त्याच लाइनवर बराकपूर. पश्चिमेला हुगळी नदी, पलीकडच्या काठावर श्रीरामपूर. गावाचं जुनं नाव चानक. इंग्रजांच्या जुन्या लिखाणात ते 'अचानक' असंही येतं. आपल्या कानाला गंमत वाटते. कंपनी सरकारने 1770 च्या दशकात इथे पलटणींसाठी बराकी बांधल्या आणि बराकीचं पूर ते बराकपूर, अशी सर्वसाधारण समजूत. बराक हा शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आला आणि फ्रेंचांकडे स्पेनच्या बाजूने. तिकडे त्याचा अर्थ साधी झोपडी. त्याला आपलं संस्कृत 'पूर' जोडलं. म्हणजे गावाच्या नावातच अर्धं युरोप आणि अर्धं हिंदुस्थान.

आता काडतूस.

इंग्रजी 'कार्ट्रिज' हा शब्द सोळाव्या शतकातला. मूळ फ्रेंच शब्द 'कार्तूश'. इंग्रज सैनिकांच्या तोंडी त्याचं आधी 'कार्टेज' झालं, मग मध्ये एक 'र' घुसला आणि 'कार्ट्रिज' झालं. सैनिक शब्दांचं काय करतो ते मी तीस वर्षं पाहिलंय. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' आणि 'गार्ड'ची 'गारद' करणारे आपणच. तेव्हा इंग्रजांना हसायचं कारण नाही.

फ्रेंचांनी हा शब्द घेतला इटालियन 'कार्तोच्चो'वरून. कार्तोच्चो म्हणजे कागदाची पुंगळी. आपला भेळवाला वर्तमानपत्राचा कोन करतो ना, अगदी तसं. त्याच्या मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद. त्याच्या मागे लॅटिन 'चार्ता'. त्याच्या मागे ग्रीक 'खार्तेस', म्हणजे पपायरसचं पान. पपायरस हा नाइलच्या काठचा लव्हाळा. त्याचे पापुद्रे एकावर एक रचून लिहायची पानं करत. म्हणून हा ग्रीक शब्दही बहुधा इजिप्तमधूनच आला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. या एका खोडाला किती फांद्या फुटल्या बघा. कार्ड, चार्ट, चार्टर, कार्टन, कार्टून, सगळी एकाच घरातली भावंडं. अरबीत गेला तो 'किर्तास' झाला, अर्थ तोच, कागद.

एक गंमत सांगून पुढे जातो. 1798 मध्ये नेपोलियन फौज घेऊन इजिप्तला गेला. तिथल्या देवळांच्या भिंतींवर राजांची नावं लांबट गोल चौकटीत कोरलेली होती. फ्रेंच शिपायांना ती चौकट आपल्या कमरेच्या काडतुसासारखी दिसली, म्हणून तिला 'कार्तूश' नाव पडलं असं सांगतात. आजही अभ्यासक त्या चौकटीला हेच नाव देतात. नाइलच्या काठावरून निघालेला शब्द दोन हजारांहून जास्त वर्षं फिरून नाइलच्याच काठावर परत आला, आणि तोही सैनिकांच्या तोंडून.

आणि आपलं 'काडतूस'? ते इंग्रजांनी दिलेलं नाही. ते पोर्तुगीजांचं, 'कार्तुशो'वरून. पाव, बटाटा, साबण, चावी, घमेलं ज्या गलबतांतून आलं, त्याच गलबतांतून काडतूसही कोकण किनाऱ्याला लागलं. हिंदीत त्याचं 'कारतूस' झालं. आपण 'र्त'चा 'डत' करून त्याला असं मराठी करून टाकलं की कोणाला शंकाही येऊ नये. म्हणजे काडतूस आणि कार्ट्रिज ही आतेमामे भावंडं, आजी एकच, आणि त्या आजीचं नाव कागद.

तुम्ही म्हणाल, शब्दाची वंशावळ झाली, यात बराकपूर कुठे आलं? आता येतो. त्यासाठी जुनी बंदूक कशी भरत ते आधी समजून घ्यायला हवं.

आपण काडतूस म्हटलं की पितळेची चकचकीत नळी डोळ्यांपुढे येते. 1857 मध्ये काडतूस म्हणजे खरोखरच कागदाची पुडी होती. बोटाएवढी वळकटी, आत मोजलेली दारू आणि गोळी. शिपाई ती पुडी पेटीतून काढायचा, शेपूट दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायचा, मग गोळी कागदासकट आत सारून गजाने ठासायचा. दातांनी का? तर एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात काडतूस, तिसरा हात देवाने दिलेला नाही. ही कवायत शिपायाच्या अंगात भिनलेली असे. अंधारात, पावसात, झोपेतसुद्धा त्याचा हात काडतूस तोंडाकडे नेणार.

नवी आली ती एनफील्ड रायफल, 1853 च्या नमुन्याची. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती. हिच्या नळीला आतून पीळ दिलेल्या खाचा. नेम लांबचा आणि अचूक, पण गोळी घट्ट बसायची. ती सहज आत सरकावी म्हणून काडतुसाच्या खालच्या टोकाला वंगण लावत. वंगण कशाचं? मेण आणि टॅलो. टॅलो म्हणजे जनावराची चरबी. ती कुठल्या जनावराची, याची काळजी दारूगोळा खात्याने घेतलेली नव्हती. ठेकेदार आणेल ती चरबी. चौकशीत खात्याच्याच अधिकाऱ्यांना हे कबूल करावं लागलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा गुन्हा हा आहे. कट नव्हता, दुष्टपणा नव्हता. कोणीतरी एक ओळ लिहायची राहून गेली.

जानेवारी 1857. दमदमला नव्या रायफलीचं प्रशिक्षण सुरू होतं. दमदम हे नाव मूळ फारसी 'दमदमा'चं, तोफा चढवायला केलेला मातीचा उंचवटा. आपल्या बखरींत मोर्चे आणि दमदमे जागोजाग सापडतात. पुढे 1890 च्या दशकात याच कारखान्यात शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी तयार झाली आणि इंग्रजी भाषेला 'डमडम' हा शब्द मिळाला, पण तो वेगळ्या भागाचा विषय. तर दमदमच्या कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला. शिपायाने जात काढून नकार दिला. खलाशी म्हणाला, थोडे दिवस थांब, गाईडुकरांची चरबी लावलेलं काडतूस दातांनी तोडशील तेव्हा तुझी जात कुठे राहते बघू. ही हकिकत अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात नोंदलेली आहे. एका अपमानाचं उत्तर दुसऱ्या अपमानाने दिलं गेलं, आणि काही दिवसांत ते नदीकाठच्या सगळ्या छावण्यांत पोचलं.

बराकपूरला डिव्हिजनचा सेनापती होता मेजर जनरल जॉन हिअरसी. चाळीसहून जास्त वर्षं नोकरी झालेली, हिंदुस्थानी भाषा अस्खलित. त्याने ताबडतोब वर कळवलं की शिपायांना वंगण स्वतः आणू द्या, बाजारातून तूप, तेल, मेण, जे हवं ते. सरकारने जानेवारी संपायच्या आत मान्यही केलं. एखाद्याला वाटेल, मिटला प्रश्न.

मिटला नाही. आणि इथे या शब्दाचं मूळ माझ्या डोक्यात लख्ख उजेड पाडून गेलं. वंगणाचा प्रश्न सुटल्यावर शिपायांची शंका कशावर गेली? कागदावर! फेब्रुवारीच्या सुरुवातीला बराकपूरला चौकशी बसली. दुसऱ्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांच्या साक्षी झाल्या. ते म्हणाले, वंगणाचं आता काही नाही साहेब, पण हा कागद वेगळा आहे. याला चकाकी आहे. हा चिवट आहे. एकाने साक्ष दिली की कागद पाण्यात भिजवून जाळून पाहिला तेव्हा चरचर आवाज आला आणि चरबी जळाल्यासारखा वास आला. चौकशीत समोर जाळून दाखवला, तेव्हा वास आला नाही. सरकारी रसायनतज्ज्ञाने तपासलं, कागदात चरबी नाही. सगळे पुरावे एका बाजूला. पण साक्षीदारांचं म्हणणं एकच, शंका आहे आणि ती जात नाही.

हिअरसीने काय करायचं बाकी ठेवलं? 9 फेब्रुवारीला त्याने परेडवर सगळ्यांना त्यांच्या भाषेत समजावलं. 17 मार्चला पुन्हा परेड घेतली. या वेळी त्याने एक जरीची थैली आणली होती. तिच्यात काश्मीरच्या महाराजांचं पत्र. ते त्याने देशी अधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, उघडा, जवानांना दाखवा, तुमच्या काडतुसाच्या कागदापेक्षाही हा कागद चकचकीत आहे. चकाकी खळीची असते. गाईचं रक्षण करणारा डोगरा राजा मला चरबीच्या कागदावर पत्र लिहील का? आणि तरीही शंका असेल तर पलीकडे श्रीरामपूरला जा, कागद कसा बनतो ते डोळ्यांनी पाहून या.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराकपूरलाच होतो. पुस्तक मिटलं आणि रविवारी धोबी घाटावरून बोटीने श्रीरामपूरला गेलो. दहा मिनिटांचासुद्धा प्रवास नाही. इथे मराठी माणसाने जावंच. 1805 साली विल्यम केरीने मराठी भाषेचं व्याकरण याच गावात छापलं आणि 1810 मध्ये मराठी शब्दकोश, तोसुद्धा मोडी लिपीत. नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्याच्या मदतीला होते. याच मिशनने 1820 मध्ये कागदाच्या गिरणीसाठी विलायतेहून वाफेचं इंजिन आणलं. आपल्या भाषेची सुरुवातीची छापील पानं ज्या गावात तयार झाली, त्याच गावाकडे बोट दाखवून हिअरसी सांगत होता, जा, कागद बघून या.

शिपाई बघायला गेले असते तर फरक पडला असता? मला नाही वाटत. आणि मला का वाटत नाही ते सांगण्यासाठी मी माझी एक फजिती सांगणार आहे. नोकरीत असताना ती मी कोणाला सांगितली नाही.

1983 साल. मी तीन वर्षं नोकरी झालेला लेफ्टनंट. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी देशभर गदारोळ उडाला होता. जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्ही उत्तरेत एका ठाण्यावर होतो. एका संध्याकाळी लंगरमधून निरोप आला की जवान पुऱ्या आणि शिरा घेत नाहीत, कोरड्या रोट्या आणि डाळ खाऊन उठतात. मी तरातरा गेलो. सगळ्यांना समोर बसवलं आणि भाषण दिलं. तूप सरकारी आहे, तपासलेलं आहे, अफवांवर विश्वास ठेवणं जवानाला शोभत नाही वगैरे. एवढ्यावर थांबलो नाही. तपासणीचा दाखला मागवला आणि त्यांच्यासमोर तो कागद वर धरून दाखवला. कोणी काही बोललं नाही. "कोई शक?" म्हटलं. "नहीं साब," एका आवाजात. मी खूश होऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी पुऱ्या तशाच.

आमचे सुभेदार साहेब राजस्थानचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांना मी विचारलं, साहेब, मी अजून काय सांगायला हवं होतं? ते जरा वेळ बुटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साब, आपने पूरी खाई थी?" मी नव्हती खाल्ली. मी भाषण देऊन ऑफिसर्स मेसमध्ये जेवायला गेलो होतो. तिथे स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात होत होता, आणि ही गोष्ट मला सोडून अख्ख्या कंपनीला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून मी लंगरमध्ये जेवायला बसलो. पण खरं सांगतो, त्यानेही जादू झाली नाही. लंगर मोहरीच्या तेलावर चालवला, तुपाचे डबे परत गेले, आणि पुढे बातम्या थंडावल्यावर हळूहळू सगळं पूर्ववत झालं. दोनतीन जणांनी तर माझी बदली होईपर्यंत शिऱ्याला हात लावला नाही. तुपात काहीच नव्हतं, यावर माझा आजही विश्वास आहे. पण माझ्या हातातला तो दाखला आणि हिअरसीच्या हातातलं महाराजांचं पत्र यांत मला आज काही फरक दिसत नाही.

आणि बराकपूरच्या शिपायाकडे शंकेला कारण तर कितीतरी होतं. हीच छावणी. 1824 मध्ये सत्तेचाळिसाव्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघायचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल मिळत नव्हते, मिळत ते शिपायाच्या पगाराला परवडत नव्हते. त्यांनी अर्ज केला, गाऱ्हाणं मांडलं आणि परेडवर अडून बसले. सरसेनापती एडवर्ड पॅजेटने 2 नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा चालवल्या. पळताना कितीतरी जण मारले गेले, काही नदीत बुडाले. पुढारी बिंदी तिवारीला फाशी झाली आणि पलटणीचं नावच यादीतून खोडलं. 1857 मध्ये त्या गोष्टीला जेमतेम तेहतीस वर्षं झाली होती. जुन्या सुभेदारांना ती आठवत असणार, तरुणांनी ती बराकीत ऐकली असणार. त्या मैदानावर उभं राहून साहेब सांगतो, कागद साधा आहे, विश्वास ठेवा!

पुढचं तुम्हाला माहीत आहे, थोडक्यात सांगतो. 26 फेब्रुवारीला बहरामपूरच्या एकोणिसाव्या पलटणीने काडतुसं नाकारली, आणि ती तर जुन्याच बंदुकीची, जुनीच काडतुसं होती. रविवार 29 मार्चच्या दुपारी बराकपूरला चौतिसाव्या पलटणीचा शिपाई मंगल पांडे भरलेली बंदूक घेऊन बाहेर आला आणि साथीदारांना हाका मारू लागला की ही काडतुसं दातांनी तोडलीत तर धर्म जाईल, बाहेर या. सार्जंट मेजर ह्यूसन आणि लेफ्टनंट बॉ यांच्यावर त्याने वार केले. शेख पलटूने त्याला मागून धरलं. हिअरसी घोड्यावरून आला तेव्हा पांडेने बंदूक स्वतःवर झाडली, पण तो वाचला. 6 एप्रिलला खटला, 8 एप्रिलला फाशी. साथीदारांची नावं विचारली, त्याने एकही सांगितलं नाही. जमादार ईश्वरी प्रसादला 21 एप्रिलला फाशी झाली.

दातांऐवजी हाताने काडतूस फाडायची मुभा मार्चमध्येच दिली गेली होती. शिपायांनी त्याचा अर्थ उलटा लावला, बघा, म्हणजे काहीतरी होतंच!

ही काडतुसाची बातमी किती लांब गेली ते आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये दिसतं. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघालेल्या या भटजींना महूच्या बाजूला वाटेत शिपाई भेटले आणि त्यांच्याकडून काडतुसांची हकिकत कळली. दमदमच्या लोट्यापासून कोकणच्या भटजीपर्यंत, ना तार, ना वर्तमानपत्र. फक्त तोंडं.

इंग्रजी भाषेने बराकपूरहून आणखी एक शब्द उचलला. त्या वर्षभर गोऱ्या सैनिकांनी प्रत्येक बंडवाल्या शिपायाला 'पँडी' म्हणायला सुरुवात केली. जात कोणती, प्रांत कोणता, काही असो, समोरचा तो पँडी. पुढे सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने आपल्या आठवणींत या नावाचं मूळ म्हणून बराकपूरचीच फाशी सांगितली आहे. आता पांडे म्हणजे काय? पंडित. विद्वान. संस्कृतातला एवढा भारदस्त शब्द, तो गोऱ्या शिपायाच्या तोंडी शिवी झाला. कार्टेजमध्ये 'र' घुसवला तेव्हा त्यांनी निदान अर्थ तरी ठेवला होता.

बराकपूरला मंगल पांडेच्या नावाची बाग आहे, नदीला लागून. मी संध्याकाळी तिथे बसायचो. समोर श्रीरामपूरचे दिवे लागायचे आणि बोट इकडून तिकडे जात राहायची.

हे सगळं मी नातीला सांगितलं, तिच्या वयाला झेपेल एवढं. तिने चित्राचा एक कोरा कागद उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, वास घेतला. मग मला काही कळायच्या आत त्याचा कोपरा दातांत धरून टर्रकन फाडला.

"चव काहीच नाही, आजोबा," ती म्हणाली. "पण आता नवीन कागद आणायला लागेल."